मधल्या मजल्याची पाळी

एबिंगन, ९ नोव्हेंबर १९८५

प्रिय अल्मुट,

आशीर्वाद. माझी तब्येत ठीक, गुडघा ठीक नाही, घर उभं आहे. तू विचारलं नव्हतंस, पण पत्राची सुरुवात अशीच करतात असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं आणि त्यानंतर कुणी वेगळं काही शिकवलं नाही. तुमच्या कीलला समुद्राचा वारा हाडं फोडतो म्हणतात. लोकरीचे लांब मोजे वेगळ्या पाकिटानं पाठवलेत. घालायचे नसतील तर कुणाला देऊन टाकू नकोस, परत पाठव.

इथे पहिल्याच कडाक्याला बॉयलर बंद पडला. तुझ्या बाबांनी तो बसवला तेव्हा म्हणाले होते, "हा आपल्या दोघांना पोचवेल आणि मगच मरेल." त्यांना पोचवलं, माझ्यापर्यंत दम टिकला नाही. बॉयलरवाला आला, तळघरात उकिडवा बसून नुसता बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "भाग स्टुटगार्टहून मागवावा लागेल." त्याला सफरचंदाची दारू प्यायला दिली तेव्हा कळलं की तो भाग इथे जवळ बालिंगनलाही मिळतो.

तोवर भाडेकरू एकामागून एक खाली. पोटमाळ्यावर नवीन जोडपं ठेवलंय, श्टॉल नावाचं, कडेवर बाळ. नवरा म्हणाला, "हाउगबाई, आमचं बाळ गारठलंय." मी म्हटलं, "मग त्याला टोपी घाला, मला का सांगता?" लोकांना वाटतं घरमालकीण म्हणजे खुर्चीत बसून खाणारी बाई. मोरी तुंबली की मी, कौल उडालं की मी, भिंतीला बुरशी आली की मी. खिडकी उघडायची नाही, खोलीत कपडे वाळवायचे, आणि मग बुरशी दाखवायला मला हाताला धरून न्यायचं. बाळाची गाडी जिन्याखाली लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. हल्ली मीच ती अंगणात नेऊन ठेवते, पाऊस असला तरी. पाऊस असला तर मुद्दाम.

झाडूच्या आठवड्याची पाटी नवीन करून घेतली. जुनीवरची अक्षरं उडाली होती आणि श्टॉल साहेब म्हणायचे, "आमच्या दारावर कसलीतरी कोरी फळी लटकत होती, आम्हाला वाटलं शोभेला आहे." आता ठसठशीत लाल अक्षरं आहेत. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं जिना, तळघर, पदपथ झाडायचा. श्टॉलांच्या आठवड्यात झाडू फिरतो, पण मधल्या मध्ये. कोपऱ्यांना कुणी वालीच नाही.

मधल्या मजल्याबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही. सायबोल्डबाईंची पाळी असली की जिना असा लख्ख होतो की मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. कठड्याच्या एकेका गजातून फडकं ओढून काढतात. असं कोण करतं? ज्याला घरमालकिणीला मान खाली घालायला लावायचं असेल, तोच करतो. बॉयलर बंद होता तेव्हा माझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी भरून खाली घेऊन आल्या. मी घेतली नाही.

तुझी पत्रं त्यांना येतात, पोस्टमन सांगतो. चांगलं आहे. एकट्या बाईला कुणीतरी लिहिलं पाहिजे. तू अजून त्यांना रोझीनमावशी म्हणतेस ना? तुझी सख्खी मावशी लिडिया बाड उराखला आहे, तिच्या साठाव्या वाढदिवसाला तुझं कार्ड आलं नव्हतं. ती काही बोलली नाही, फक्त मला तसं तीनदा सांगितलं.

आता मुद्द्याचं. मला वाटतं तू परत इथे यावंस. इस्पितळं इकडेही आहेत, आणि लुळ्या माणसांना चालायला शिकवणाऱ्या बायका इकडेही लागतात. मधला मजला तुझ्यासारखीला पुरेल, सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं, ते तुला माहीत आहेच. सायबोल्डबाई आहेत तिथे, पण त्याचं बघता येईल. लगेच हो म्हण असं नाही. "विचार करते" एवढं लिहिलंस तरी पुरे. पोस्टकार्डावर चालेल. सही मात्र नीट कर, तुझी सही कुणाला वाचता येत नाही.

मसूर आणि श्पेट्झलंच्या शेवया केल्या होत्या. एकटीसाठी करायचं म्हणजे शेवटी तीन दिवस तेच खायचं.

तुझी,
आई


एबिंगन, २ फेब्रुवारी १९८६

प्रिय लिडिया,

तुझं पत्र आणि बायबलातली ओळ, दोन्ही मिळाली. ओळ स्वयंपाकघरात लावली आहे, पत्र जाळलं. माझ्या आत्म्याची काळजी करू नकोस, आत्म्याला बुरशी लागत नाही, घराला लागते.

ही गोष्ट तुझ्या प्रार्थनेच्या बैठकीत कुणाला सांगू नकोस. मला सायबोल्डबाईंना घराबाहेर काढायचं होतं. क्नॉडलर वकिलाकडे गेले. त्यानं विचारलं, "भाडं उशिरा देतात?" नाही. "गोंगाट? माणसं येतात-जातात? कुत्रा? झाडूचा आठवडा चुकवतात?" मी नाही नाही म्हणत गेले आणि तो हसायला लागला. "हाउगबाई, अशी भाडेकरू मला द्या, मी माझी हाकलतो. कायद्यानं त्यांना हात लावता येणार नाही. तुमच्यासाठी एकच दार उघडं आहे, त्यावर लिहिलंय 'स्वतःची गरज'. तुम्हाला किंवा तुमच्या रक्ताच्या माणसाला राहायला ती जागा हवी असेल, तरच. गरज आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

"कुणाला?"

"मुलीला."

अल्मुटचं कार्ड होतं माझ्याकडे. "आई, मोज्यांबद्दल आभार. सध्या जमणार नाही. पुढे कधीतरी विचार करेन." क्नॉडलरनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "विचार करेन, हे बरं लिहिलंय. बाकीचं कुणी मोठ्यानं वाचायला नको." वर हेही म्हणाला की बाई म्हातारी आहे, एवढी वर्षं तिथे राहिली आहे, तिनं हरकत घेतली तर न्यायाधीश तिच्या बाजूनं जाईल.

म्हणून मी कंबर कसून वर गेले. काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं. त्या बटाटे सोलत होत्या. मी कागद टेबलावर ठेवला. चष्मा शोधण्यात वेळ गेला. मग वाचलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी मनात म्हटलं, आता रडणं, मग भांडण, मग वकील.

आणि ती बाई मला म्हणते, "आपली अल्मुट येतेय?"

आपली! लिडिया, आपली म्हणाली ती.

"हाउगबाई, अहो, मग ह्या कागदाची काय गरज होती? नुसतं जिन्यातून हाक मारून सांगायचं होतंत. पोर घरी येतेय आणि मी जागा अडवून बसेन होय? मला काय, एक खोली पुरे. स्टेशनमागच्या वृद्धाश्रमात त्या रुथ केलरच्या शेजारची खोली रिकामी होतेय असं ऐकलंय." रडत होती आणि हसत होती, हातातल्या बटाट्यासकट. मग विचारलं, "कधी येतेय? मी आजच लिहिते तिला."

तिथे मी अडकलेच असते. पण देव मला अक्कल द्यायला विसरलेला नाही. मी म्हटलं, "सायबोल्डबाई, तेवढं करू नका. तिच्यासाठी तुम्हाला घर सोडावं लागतंय हे तिला कळलं तर ती येईल का? तुम्हीच सांगा."

त्यांनी विचार केला. "खरं आहे. ती पोर आहेच तशी. येणार नाही. माझ्याकडून चकार शब्द जायचा नाही."

सुंठेवाचून खोकला गेला. हरकत नाही, वकील नाही, न्यायाधीश नाही. मी खाली येऊन हात धुतले आणि मला इतका राग आला की कपाटावर लाथ मारली, अजून अंगठा काळा आहे. भांडायला जावं आणि समोरच्यानं बाजूला सरून वाट द्यावी, तर माणूस तोंडावर आपटतो.

तू विचारशील, त्या बाईनं तुझं काय वाईट केलं? काहीच नाही. उद्या त्या अंथरुणाला खिळल्या तर कोण बघणार? घरमालकीणच ना? पोटमाळ्याचं छत दुरुस्त करायचंय, तेव्हा मधला मजला मोकळा लागेल. आणि त्यांच्या हातची जवाची लापशी जिन्यात वास सोडते. कारणं पुष्कळ आहेत. तू विचारूच नकोस.

तुझी बहीण,
एल्फ्रिडे


एबिंगन, २० सप्टेंबर १९८६

प्रिय अल्मुट,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. कार्डावरचा दीपस्तंभ छान आहे, मजकूर त्याहून लहान आहे.

इथली बातमी अशी की सायबोल्डबाईंनी उन्हाळ्यात आपणहून जागा सोडली. जिना झेपत नव्हता. आता स्टेशनमागच्या वृद्धाश्रमात आहेत, सगळं हातात मिळतं, समवयस्क बायका आहेत, मजेत आहेत. मी थांबा म्हटलं, पण त्यांनी ठरवलंच होतं. एक सांगते, त्यांना लिहिताना हा विषय काढू नकोस. वृद्धाश्रमात आहोत याची त्यांना लाज वाटते, म्हणून तर त्यांनी तुला कळवलं नाही. पत्रं इथेच पाठवत जा, त्या येऊन घेऊन जातात. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, दुसऱ्याला त्रास नको.

अजून अधूनमधून येऊन जिनासुद्धा झाडतात. जुनी सवय. मी किती नको म्हणते.

तर मधला मजला मोकळा आहे. स्वयंपाकघराला पिवळा रंग दिलाय. भाड्यानं द्यायला लोक येऊन बघतात, मी नाही म्हणते. श्टॉलबाईंची बहीण तर तीनदा आली. घर रिकामं ठेवणं म्हणजे अंगावर दागिना घालून भीक मागणं आहे, पण ठेवलंय. नाताळला ये. पडदे कुठले हवेत ते आधी सांग.

तुझी,
आई


एबिंगन, २५ जानेवारी १९८७

प्रिय अल्मुट,

तू नाताळला आली नाहीस. ते असो.

थंडी अशी पडली की जुनी माणसंही आठवणी सांगायचं विसरली. पोटमाळ्यावरचा नळ गोठला, श्टॉलनं केस वाळवायच्या यंत्रानं तो सोडवला आणि घरभराचा फ्यूज उडवला. पोस्टमन घसरून आपटला, त्याच्या मनगटाला पट्टी आहे. छपराच्या पन्हाळीवरून बर्फाचा सुळका पडून माझ्या हायड्रेंजियाचं झुडूप गेलं. लिडिया फोनवर फोन करते आहे. ती म्हणते, तू अल्मुटला लिहिलं नाहीस तर मी लिहीन. तिनं लिहिलं तर त्यात देव आणि पश्चात्ताप येईल. म्हणून मी लिहिते. माझ्या पत्रात ते दोन्ही नाहीत.

रोझीन सायबोल्ड गेल्या. गुरुवारी त्यांना मूठमाती दिली.

आता हे पत्र फेकू नकोस, पुढचं वाच. दुसरं कुणी तुला सगळं खरं सांगणार नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते पुरतं ठाऊक नाही.

त्यांनी जागा आपणहून सोडली नाही. मी तुझ्या नावावर त्यांना काढलं. तू येऊन राहणार आहेस असं सांगितलं, वकिलाचा कागद दिला, आणि तुला कळवू नका असंही बजावलं. तुला काय सांगितलं ते तुला माहीतच आहे. दोघींची तोंडं मी एकाच दोरीनं बांधली आणि दोघींनी ती आनंदानं बांधून घेतली. पिवळा रंगही त्यांनीच दिला, शिडीवर चढून, त्या वयात, कारण तुला लहानपणी पिवळा आवडायचा म्हणे. मला हे माहीत नव्हतं. तुला पिवळा आवडतो हे मला माझ्या भाडेकरूकडून कळलं.

सामानातलं त्यांनी तुझ्यासाठी ठेवलं ते टेबल. तू शाळेतून आलीस की ज्यावर जेवायचीस, अभ्यास करायचीस, ते. मी गिरणीत बनियनांच्या बाह्या शिवत असायचे तेव्हा तू त्या टेबलाशी असायचीस. शहराची जुनं सामान उचलायची गाडी यायची होती, त्या सकाळी मी श्टॉलला हाताशी घेऊन ते खाली पदपथावर नेऊन ठेवलं. मला काय माहीत त्या नेमक्या त्याच सकाळी येतील. हे खोटं आहे. पाटी मीच लावली होती, त्यांचा दिवस मला माहीत होता.

पाटीचं सांगायचं राहिलं. घर सोडलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्या बसनं आल्या, पिशवीत स्वतःचं फडकं. म्हणाल्या, "मधल्या मजल्याची पाळी चुकायला नको. अल्मुट येईपर्यंत तिच्या वतीनं मी करते. पोर आली की पहिल्याच दिवशी तिच्या हातात झाडू नको." मी नको म्हणाले नाही. मी काय केलं सांगू? रिकाम्या घराच्या दारावर पाटी लावत राहिले. श्टॉलांचा आठवडा झाला की मधल्या दारावर, अगदी नियमानं. आणि त्या येत राहिल्या. गजांमधून फडकं ओढत राहिल्या.

श्टॉलबाईला एकदा राहवलं नाही. जिन्यात मला अडवून म्हणाली, "हाउगबाई, ही आजी इथे राहत नाही. तरी आपला जिना पुसते आणि तुम्ही वर पाटी लावता? तुम्हाला लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "तुमच्या आठवड्यात कोपरे राहतात, तुम्हाला वाटते का?"

तर टेबल. त्या कोपऱ्यावरून वळल्या आणि पदपथावर ते पाहिलं. मी खिडकीत होते. पिशवी खाली ठेवून टेबलावर हात ठेवला, जसा आपण घोड्याच्या मानेवर ठेवतो. मी बाहेर गेले.

"हाउगबाई, अल्मुटला हे नको झालं का?"

"तिला नवीन घ्यायचंय."

"हो ना," त्या म्हणाल्या. "आजकालच्या मुलींना सुटसुटीत लागतं." आणि मग फडकं काढून ते टेबल पुसलं. वरून, बाजूनं, खालचे पायसुद्धा. गाडीवाले येऊन उभे राहिले, ते थांबले तिचं होईपर्यंत. मग गाडीनं ते चिरडलं. त्या वर जाऊन जिना झाडायला लागल्या. मला त्या वेळी तरी त्यांनी दोन शब्द बोलायला हवे होते. एक शिवी. एक शिवी दिली असती तर मी पाटी उतरवली असती, असं मला वाटतं. कदाचित नसती उतरवली.

हिवाळ्यात पाळी म्हणजे पदपथावरचं बर्फ उपसणंही येतं, तुला माहीत आहे. लोक कामाला निघायच्या आधी पदपथ मोकळा झाला पाहिजे. एवढ्या पहाटे बस नसते. नवीन वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात त्या स्टेशनमागून चालत आल्या, तशा बर्फातून. मला फावड्याचा आवाज आला. मी अंथरुणात होते, आवाज ओळखला, कूस बदलली. मग आवाज थांबला. मला वाटलं काम झालं.

श्टॉलबाई बाळाचं दूध आणायला निघाली तेव्हा तिला दिसल्या. खुबाच मोडला होता. इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, मग छातीत पाणी झालं.

मी भेटायला गेले. एकदाच, पण गेले. त्या उशांमध्ये एवढ्याशा झाल्या होत्या. पहिलं वाक्य काय तर, "पदपथ अर्धाच झाला हो. कुणी घसरलं नाही ना?" मी म्हटलं, श्टॉलनं पुरा केला. मग माझा हात धरला. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींना अहो-जाहो केलं, हात कधी धरला नव्हता.

"हाउगबाई, अल्मुटला एकदा बघायचं होतं. येईल का आता?"

"कळवते मी तिला," मी म्हटलं.

"धावत येईल बघा," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

खाली दरवाज्याशी टेलिफोन आहे. माझ्याकडे सुटी नाणी होती. तुझा नंबर मला पाठ आहे, मी तो कधी फिरवत नाही म्हणजे येत नाही असं नाही. मी रिसीव्हर उचलला. मागे एक माणूस ताटकळत उभा होता, त्याला म्हटलं, "तुम्ही करा आधी." त्याचं झालं. त्याच्यामागून आणखी एक बाई आली, तिलाही म्हटलं, तुम्ही करा. मग मागे कुणी उरलं नाही आणि मी घरी आले.

त्या आणखी चार दिवस होत्या. हे लिडियालाही ठाऊक नाही. चार दिवस होते तुझ्याकडे, अल्मुट, आणि ते मी तुला दिले नाहीत.

का, ते आता लिहिते. बाबांच्या अंत्यसंस्काराला आलीस तेव्हा मी दाराआड उभी होते. केस विंचरले होते, तू आत आलीस की कशी मिठी मारायची तेसुद्धा ठरवलं होतं. तुझ्या बुटांचा आवाज जिन्यात आला, माझ्या दारासमोर आला आणि थांबला नाही. वर गेला. वरचं दार उघडलं आणि तू रडलीस ते मला छतातून ऐकू आलं. नवरा माझा मेला होता. त्यानंतर आलीस तेव्हाही तेच. माझ्याच घराचा जिना, आणि माझी मुलगी माझ्या दारावरून पाहुणी म्हणून जाते. त्या बाईनं ते कधी मागितलं नाही, हे मला कळतं. मागितलं असतं तर मी भांडले असते.

मी फोन केला असता तर तू आली असतीस. पहिल्या गाडीनं, काम टाकून, मोजे न घालता. मी इतकी वर्षं बोलावते आहे, बॉयलर सांगते, गुडघा सांगते, पडदे विचारते, आणि तू मला दीपस्तंभ पाठवतेस. आणि तिच्या एका शब्दावर तू अख्खा देश ओलांडून आली असतीस, आणि मी तिथे कोपऱ्यात तिची पिशवी धरून ते बघत उभी राहिले असते. ते मला बघायचं नव्हतं. तिनं मरताना तुला बघू नये, हे मला चाललं. लिहून ठेवते, म्हणजे तुला शोधत बसायला नको.

अंत्यसंस्काराला वृद्धाश्रमातल्या काही बायका होत्या, रुथ केलर काठी टेकत आली होती, श्टॉल नवरा-बायको बाळासकट. श्टॉलबाई माझ्याशी बोलत नाही. जागा सोडणार असं दोघांनी कळवलंय, वसंतात जातील. पाळकानं विचारलं, जवळचं कुणी आहे का, नाव घ्यायला. मी म्हटलं, कुणी नाही.

आता तू रागावशील. तो राग पत्रात लिहू नकोस, पत्रात तुला कधी काही नीट लिहिता आलं नाही. इथे येऊन बोल. ओरड, भांडी फोड, मला काय म्हणायचं ते तोंडावर म्हण. तिची कबर कुठे आहे ते मी पत्रात लिहीत नाही आणि त्या वरच्या दाराआड आता कुणी राहत नाही. मधल्या मजल्याची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात आहे. या वेळी तुला माझंच दार वाजवावं लागेल.

मी घरीच असते.

आई